मागून घेतलेला माणूस

"केटली हवी होती," शेजारची तेवा म्हणाली आणि दारातल्या चटईवर ऐसपैस बसली. "बुबूती करायला आलेय."

नोलाच्या हातात तीच केटली होती. चहाचं पाणी नुकतं कुठे उकळायला लागलं होतं.

"आत्ता? अगं, उकळतं पाणी आहे त्यात."

"मग चहा होऊ दे की. मला कुठे घाई आहे? मीही घेईन कपभर."

आता यावर काय बोलणार? बुबूती म्हणजे मागणं. भीक नव्हे, उसनंही नव्हे. ज्याला आपलं मानलं त्याच्याकडे हक्काने मागायचं, आणि त्याने नाही म्हणायचं नाही. म्हटलंच, तर पुढे गावात तोंड लपवत फिरायचं. गाव ते केवढं! एका टोकाला शिंकलं तर दुसऱ्या टोकाला ऐकू जावं. तिथे तोंड लपवायचं म्हटलं तरी कुठे लपवणार? आयडाहोहून या बेटावर आल्यापासूनच्या चार वर्षांत नोलाची मच्छरदाणी गेली होती, चांगली सुरी गेली होती, शिडी गेली होती. तिच्या नवऱ्याची, मेरिलची, रविवारची पँट ईस्टरपासून गावच्या उपदेशकाच्या अंगावर प्रार्थनेला येत होती, आणि खरं सांगायचं तर मेरिलपेक्षा त्यालाच जास्त शोभत होती.

"परवा गुरुवारी तुमचं विमान," तेवा कपात फुंकर घालत म्हणाली. "तिकडे काय केटल्या मिळत नाहीत?"

"मिळतात गं बाई. ने."

"नेतेच. पण तू कधी काही मागत नाहीस, नोला. माझी डुकरं बघितलीस, माझ्या चटया बघितल्यास, एकदा म्हणून तोंड उघडलं नाहीस. तुम्हा गोऱ्यांना मागायची लाजच फार. आम्हाला मग वाटतं, ही आपल्याला आपलं मानतच नाही."

"मला काही नकोच असतं."

"तेच म्हणतेय मी," तेवा म्हणाली, आणि चहा संपवून गरम केटली कमरेच्या कापडाच्या टोकाने धरून घेऊन गेली.

नको असतं हे मात्र धडधडीत खोटं होतं. नोलाला एकच गोष्ट हवी होती, आणि ती तेवाच्या घरात नव्हती. तिला तिचा नवरा हवा होता, जिवंत, आणि घरी घेऊन जायला.

चर्चच्या मिशनने त्यांना पाठवलं होतं दीड वर्षासाठी. शाळेचं पाणी मेरिलने बघायचं, मुलींना शिवण नोलाने शिकवायचं, बस्स. मेरिलचा जन्म कालव्यांच्या पाण्यात गेलेला. पंपाचा आवाज ऐकून दुखणं सांगणारा माणूस. तो इथे आला आणि इथलाच झाला. दीड वर्ष संपलं तेव्हा नवा पाइप यायचा होता. पाइप आला तेव्हा टाकीला तडा गेला. टाकी झाली तेव्हा शेजारच्या गावाने बोलावलं. दर वेळी मेरिल राजधानीतल्या मिशनप्रमुखांशी रेडिओवर बोलून यायचा आणि जेवताना सांगायचा, "थोडंच राहिलंय गं." दर वेळी नोला म्हणायची, "बरं." बरं म्हणता म्हणता ती इतकी दमली की झोपेतून उठल्यावरच तिला पुन्हा झोपावंसं वाटे. खारी हवा, डब्यातलं मांस, गुडघे, दारात सकाळपासून रीघ. घरी झालेला नातू तिने अजून मांडीवर घेतला नव्हता.

आणि मागच्या महिन्यात मेरिल टाकीवर चढला आणि वरच बेशुद्ध पडला. नोला खाली उभी होती. आधी त्याची टोपी खाली आली. मग बाप्यांनी त्याला दोराने बांधून एखाद्या पोत्यासारखं उतरवलं. दवाखान्यातली नर्स म्हणाली, हृदयाचं दुखणं आहे, इथे मी गोळीपलीकडे काही देऊ शकत नाही. विमान येतं ते हवेच्या मर्जीने. इथली माणसं आपल्या मेलेल्यांना घराशेजारीच ठेवतात, वर पांढरी खडी पसरून, रोज झाडून. प्रेमाने ठेवतात, त्यात वाद नाही. पण त्या रात्री नोलाला ती पांढरी खडी स्वतःच्या दाराशी दिसली, आणि विमानात शेजारची रिकामी खुर्ची दिसली. सकाळी ती म्हणाली, "आता पुरे." मेरिलने तिच्याकडे बघितलं आणि घरी जायचं वचन दिलं.

दुपारी ती डबा घेऊन पंपावर गेली. मेरिल बादलीवर बसला होता आणि इओतेबा, म्हाताऱ्या कौतूचा जावई, पंपाच्या पोटात हात घालून काही घट्ट करत होता.

"येतं की रे तुला सगळं," मेरिल त्याला म्हणत होता. "माझी काय गरज?"

"येतं, म्हातारबा. पण तुम्ही नुसते समोर बसलात की हा घाबरून चालतो. मी एकटा असलो की माज करतो."

मेरिल हसला. डोकं मागे टाकून, दात दिसतील असा. नोला डबा धरून उभी राहिली. हे हसू तिकडे घरी तिने कधी शेवटचं पाहिलं होतं? निवृत्त झाल्यावर तो खिडकीजवळच्या खुर्चीत बसून दुसऱ्यांच्या शेतांतलं पाणी बघत राहायचा. कुणी काही विचारायला येत नसे. आलंच, तर तब्येत विचारायला. हे ती विसरली होती असं नाही. पण विधवा होण्यापेक्षा खिडकीतला मेरिल बरा, एवढा हिशेब तिने केला होता, आणि तो चुकला आहे असं तिला अजूनही वाटत नव्हतं.

"नोला," तो मासा सोलता सोलता म्हणाला, "समजा, पावसापर्यंत..."

"मेरिल."

"नाही गं, नुसतं बोललो."

"नुसतंही बोलू नकोस."

त्या संध्याकाळी मनेआबात त्यांचा निरोपाचा समारंभ होता. मनेआबा म्हणजे सगळ्या गावाचं एक छप्पर. भिंती नाहीत, आणि कुणी कुठे बसायचं ते आज्या-पणज्यांनी ठरवून ठेवलेलं. पाहुण्यांपुढे आधी जेवण आलं: नारळाच्या दुधातला बाबाई कंद, भाजलेले मासे, तेवाचं एक डुक्कर, भाताचा ढीग. पाहुणे जेवेपर्यंत गाव बघत बसतं, त्यामुळे नोलाला घास गिळवत नसे, आणि घास गिळला नाही तर गाव नाराज होई. चार वर्षांत तिने त्यातून वाट काढली होती, ती म्हणजे हळू चावणं. मग गाणी झाली. मुलींनी दोघांना फुलांचे मुकुट घातले. मेरिलचा जरा तिरका बसला होता, आणि तो तसाच छान दिसत होता.

मग कौतू बोलायला लागला. गावातला सगळ्यात वडीलधारा माणूस. बोलताना घाई म्हणून नाही.

"हा आला तेव्हा आमच्या विहिरीचं पाणी खारट होतं," तो म्हणाला. "पोरं आजारी पडायची. आता पडत नाहीत. आम्ही याला काय दिलं? मासे दिले. मासे समुद्राचे. म्हणजे आम्ही काहीच दिलं नाही, आणि वर आज पुन्हा मागणार आहोत. आमच्यासारखे निलाजरे आम्हीच."

लोक हसले. कौतू हसला नाही.

"मेरिल, तू आमचा आहेस म्हणून बुबूती करतो. तुलाच मागतो. अजून एक वर्ष दे आम्हाला."

नोलाने नवऱ्याकडे बघितलं. खेळात पहिलं नाव पुकारलेल्या पोरासारखा त्याचा चेहरा झाला होता. त्याने हे घडवून आणलं नव्हतं, तेवढं ती त्याला ओळखून होती. पण तो नाही म्हणू शकत नव्हता, आणि वाईट हे की त्याला म्हणायचंही नव्हतं. तो तिच्याकडे वळला. त्या नजरेत प्रश्न नव्हता. माफी होती. आधीच मागून ठेवलेली.

त्या क्षणी नोलाला राग आला. इतक्या वर्षांत आला नव्हता इतका, पायापासून वर चढत आला.

"कौतूदादा," ती म्हणाली. तिला त्यांची भाषा मोडकीतोडकीच येत होती. "माझी पण बुबूती आहे."

शेजारी तेवाने तोंडावर हात ठेवला. म्हातारे तिच्याकडे बघू लागले. तिथे बाईने असं मध्येच बोलायचं नसतं, पण बुबूती म्हटल्यावर थांबवायचंही नसतं.

"माग, बाई," कौतू म्हणाला.

"हा म्हातारा मला द्या."

कुणीतरी फिसकन हसलं.

"तो तुझाच आहे की."

"नाही. तुमचा आहे. उठतो तो तुमच्यासाठी. झोपेत तुमच्या पंपाशी बोलतो. तुम्ही दर वेळी मागितलात आणि मी देत गेले. मला कुणी विचारलं नाही, तरी देत गेले. मी तुमच्याकडे आजवर काही मागितलेलं नाही. आज मागते. तो टाकीवर एकदा पडलाय, पुन्हा पडेल. मला तो मेलेला नकोय. चालता-बोलता द्या, मी घरी नेते."

तिचा आवाज फाटला आणि तिला त्याची लाज वाटली नाही. म्हाताऱ्यांनी डोकी जवळ आणली, कुजबुजले. मेरिल काही बोलायला गेला तसा कौतूने हात वर केला.

"तू थांब. मागणं तुझ्याकडे नाही, आमच्याकडे आहे." मग तो नोलाकडे वळला. "आमचं मागणं मी मागे घेतो. जिने कधी मागितलं नाही, तिला पहिल्याच वेळी नाही म्हटलं तर आम्ही कसली माणसं? ने, बाई. दिला."

"दिला," बाकीचे म्हातारे म्हणाले. मग सगळा मनेआबा म्हणाला. तेवा रडत होती, आणि रडता रडता तिने नोलाच्या पाठीवर एक जोरदार थाप मारली.

घरी येताना मेरिल दोन पावलं पुढेच चालत होता.

"रागावलास?"

"नाही."

"खरं सांग."

"मला विचारायचंस तरी, नोला."

"तू विचारलंस कधी मला?"

त्याने मुकुट काढून खिळ्याला अडकवला आणि भिंतीकडे तोंड करून झोपला. नोलाला मात्र कित्येक महिन्यांनी गाढ झोप लागली. जिंकलेल्या माणसाला लागते तशी नव्हे, सुटलेल्या माणसाला लागते तशी.

बुधवारी ती जागी झाली तेव्हा चांगलं उजाडलं होतं. दारात कुणी नव्हतं. रोज या वेळेला चार माणसं तरी बसलेली असत. कुणाचा दिवा, कुणाचा नळ, कुणाची शिवणयंत्राची सुई. आज अंगण झाडून ठेवल्यासारखं मोकळं होतं. मेरिल पायरीवर बसला होता. टोपी घातलेली, पायात बूट, नाड्या बांधलेल्या.

"कधीचा बसलायस?"

"झाला थोडा वेळ."

शाळेकडून पंपाचा आवाज येत होता. तो एकदा खोकला, दोनदा खोकला आणि बंद पडला. मेरिल उभा राहिला. रस्त्याने इओतेबा हातात पाना घेऊन सायकलवरून घाईघाईने आला. घरासमोर आल्यावर तो खाली उतरला, वडीलधाऱ्यांपुढून जाताना वाकतात तसा वाकला आणि सायकल ढकलत पुढे गेला. नेहमीची हाक नाही, थट्टा नाही, वर बघणंही नाही.

"वॉशर गेला असेल," मेरिल त्याच्या पाठीकडे बघत म्हणाला. इओतेबाला ऐकू गेलं असणार. तो थांबला नाही.

"तू जा की," नोला म्हणाली.

"मला कुणी बोलावलं नाही."

नोला चपला सरकवून तेवाच्या घरी गेली. तेवा चुलीपाशी होती.

"अगं, पंप बंद पडलाय. त्याला हाक मारायला सांग ना इओतेबाला. उद्यापर्यंत तो आहे की इथे."

तेवाने तिच्याकडे बघितलं, जरा नवलाने. "असं कसं? तो तुझा माणूस. तू मागितलास, सगळ्या गावाने दिला. दिलेल्यावर पुन्हा हात टाकला तर कुत्रीसुद्धा थुंकतील आमच्यावर." मग ती मायेने म्हणाली, "काळजी नको करूस. त्याच्या वाटेला कुणी जाणार नाही. मी सकाळीच सगळ्यांना बजावलंय. तुझा मान आम्ही राखू."

"पण मी म्हणते ना..."

"तू दमलीयस, नोला. जा, नवऱ्याजवळ बस."

ती परत आली. मेरिल अजून उभाच होता, शाळेकडे कान लावून. तिकडून ठोकल्याचा आवाज आला, मग बराच वेळ काही नाही. त्याची बोटं हवेत काहीतरी फिरवत होती, त्याच्याही नकळत. नोलाला वाटलं, आता न राहवून हा जाईल. जावं, असं तिला मनापासून वाटलं. तो गेला नाही.

मग पंप एकदा खोकला आणि लागला. आवाज नीट होता, कुठे अडत नव्हता. पोरांनी आरडाओरडा केला.

"चालला," मेरिल म्हणाला.

तो पायरीवर बसला. वाकून त्याने एका बुटाची नाडी सोडली, मग दुसऱ्याची. दोन्ही बूट काढले, पायरीच्या कडेला एकाशेजारी एक नीट लावले आणि हात मांड्यांवर ठेवून बसून राहिला.