फाटकाशी उभी राहणारी

शुक्रवारी संध्याकाळी सात वाजता व्हर्ना स्टिडम पूर्व केंटकीच्या डोंगरातल्या एका लहानशा रेडिओ केंद्रावर आली. तिचा मुलगा डेल समोरच्या डोंगरावरच्या तुरुंगात होता आणि आठवडाभर अन्नाला शिवला नव्हता. भेटी बंद होत्या, फोनही.

या केंद्रावरून दर शुक्रवारी कैद्यांना घरचे निरोप आणि गाणी ऐकवत. त्यात व्हर्नाने तरुणपणी गायलेलं तुरुंगाचं गाणं ठरलेलं. गाणं तिच्या जन्माआधीचं. त्यात कैदी आईला सांगतो, फाटकाशी उभी राहू नकोस, मी येणार नाही. व्हर्नाने ते असं म्हटलं की लोक पहिल्या गायकाला विसरून गेले. त्या एका गाण्यावर डेल लहानाचा मोठा झाला.

"आज तबकडी नको. मी म्हणते," ती म्हणाली.

निवेदक हॉबर्टने कपाळाला हात लावला. "म्हणा, मिस व्हर्ना. पण उपोषणाचा उच्चार नको, डेलचं नावही नको. एक शब्द गेला तर कोठड्यांतले रेडिओ काढून घेऊ म्हणालेत तुरुंगवाले. बाकीच्या आयांनी मग काय करायचं?"

"अरे, मग त्याला कळणार कसं? म्हणेल, लावली परत म्हातारीची तबकडी."

"आवाज कळेल की. आता कुठं राहिलाय तसा!" हॉबर्ट बोलून गेला आणि त्याने जीभ चावली.

"बोल बाळा, बोल. इतकी वर्षं सिगारेटी ओढल्या, त्या वाया नाही गेल्या."

लाल दिवा लागला. साथीला काहीच नव्हतं. पहिलं कडवं खरखरत का होईना, पार पडलं. दुसऱ्यात फाटकाची ओळ आली आणि व्हर्ना थांबली. फाटकाशी उभी राहू नकोस, मी येणार नाही. इतके शुक्रवार हेच त्याच्या कानावर पडत होतं, आणि तेही आईच्या तोंडून.

हॉबर्टचा हात बटणाकडे गेला. तेवढ्यात ती पुन्हा गाऊ लागली. फाटकाशी मी उभी आहे, तू ये. चाल तीच, शब्द तिचे. या डोंगरात त्या गाण्याचा शब्द आजवर कुणी बदलला नव्हता. हॉबर्टने हात मागे घेतला.

गाणं संपून लाल दिवा विझतोय तोच फोन खणाणला. कुणी म्हातारा तावातावाने बोलत होता. "अहो, चुकलं की बाईचं! स्वतःचं गाणं विसरली!"

"त्याला कळलं," व्हर्ना म्हणाली. "मग डेललाही कळलं असेल. हो ना रे?"

हॉबर्टने पुढच्या निरोपाचा कागद पुढ्यात ओढला.

शनिवारी सकाळी व्हर्नाने लावलेला फोन तुरुंगाच्या कचेरीत एकदाचा उचलला गेला. डेल स्टिडमला आदल्या दिवशी दुपारीच तुरुंगाच्या दवाखान्यात हलवलं होतं. तो शुद्धीवर होता. काही खाल्लं का, ते सांगता येणार नाही म्हणाले.

"तिथं रेडिओ असतो का हो?" व्हर्नाने विचारलं.

कारकुनाला ठाऊक नव्हतं. त्याने सोमवारी फोन करायला सांगितलं.