नात्यातले नकोत

माझ्या धाकट्या भावाला घरात मौनी म्हणतात. बोलायला पैसे पडतात, अशी त्याची लहानपणापासूनची समजूत असावी. मी त्याच्या अगदी उलट. मी शहरात बस चालवते, आणि दिवसभर रस्त्यावर जे बोलायचं राहून जातं ते घरी येऊन बोलते. ऐकायला मौनी असतोच.

तो घरी असतो, कारण आई घरी असते. तो शाळेच्या शेवटच्या वर्षाला होता तेव्हा बाबांनी अंथरूण धरलं. मी नुकती बसवर लागले होते, पगार माझा नि आईचा, म्हणून घरी तो राहिला. बाबा गेले, आणि आता हा परत शाळेत जाईल म्हणेपर्यंत आई विसरायला लागली. आधी चष्मा, मग गॅस, मग माणसं. आता मौनीचे कानापाशचे केस पांढरे झालेत आणि आई त्याला 'अहो' म्हणते. मी तिला अजून मुलगी म्हणून आठवते. मौनी मात्र कामाला ठेवलेला माणूस आहे आणि तिचा मुलगा शाळेत गेलाय, अशी तिची पक्की खात्री आहे. सुरुवातीला आम्ही तिची चूक सुधारायला जायचो. मग ती घाबरायची, माझा मुलगा एवढासा आहे म्हणून कमरेइतका हात धरून दाखवायची आणि हमसून रडायची. मौनीनं कानाला खडा लावला. तोही तिला 'अहो आई' म्हणू लागला, जसं कुणीही एखाद्या म्हाताऱ्या बाईला म्हणतं तसं.

यंदा मला कायमची पहाटेची पाळी मिळाली. दुपारपासून मी घरी. त्याच सुमाराला मोठ्या हॉस्पिटलच्या लाँड्रीत दुपारपाळीला माणसं हवीत, अशी जाहिरात माझ्या बसथांब्यावर चिकटवलेली दिसली. मी ती फाडून घरी आणली. मौनीला घराबाहेर काढायचंच, असं मी ठरवलं होतं. आई एक दिवस जाणार. त्यानंतर रिकाम्या घरात हा माणूस कुणाचं करत बसणार, हा विचार बस चालवतानाही माझ्या डोक्यातून जायचा नाही. त्याला एक मित्र नव्हता. औषधाच्या दुकानदाराखेरीज त्याला नावानं ओळखणारं गावात कुणी नव्हतं.

अर्जासोबत बायोडाटा हवा होता. डेपोतल्या कारकुनाच्या मुलीचा एक मी नमुन्याला मागून आणला. त्या पोरीनं चार पानं भरली होती, त्यात पोहण्याच्या स्पर्धेतला तिसरा क्रमांकसुद्धा होता. मौनीनं तो आदरानं वाचला, घडी घालून परत दिला आणि स्वतःचा लिहायला बसला. चहा उकळेपर्यंत लिहून झालासुद्धा. शिक्षण, अपूर्ण. अनुभव, नाही. इतर प्रशिक्षण, नाही. छंद, नाही.

"हा बायोडाटा आहे की नकारघंटा?" मी म्हणाले.

खरं तेच लिहिलंय, असं त्याचं म्हणणं. मग मी पेन घेतलं. 'उत्तम संभाषणकौशल्य' असं लिहिलं, तर त्यानं माझ्याकडे असं काही बघितलं की मीच ते खोडलं. पण अनुभवाच्या रकान्यावर मी हटून बसले. आजारी माणसांची सेवा, लिही. चादरी रोज धुतोस, त्यांवरचे कसले कसले डाग काढतोस, ते लिही. लाँड्रीला आणखी काय हवंय? पथ्याचा स्वयंपाक, लिही. रात्रपाळी तर माझ्यापेक्षा जास्त केलीस, तीही लिही.

"ती आई आहे, ताई," तो म्हणाला. "नोकरी नव्हे."

मी खूप वाद घातला. आवाज चढला तेव्हा आतून आईनं विचारलं, त्यांना रागावतेस कशाला, चांगले आहेत ते. मी पेन खाली ठेवलं. रकाना 'नाही' म्हणूनच राहिला.

खरं घोडं अडलं शेवटच्या ओळीवर. 'आपल्याला ओळखणाऱ्या दोन व्यक्तींची नावं द्या. नात्यातले नकोत.' एक औषधवाला. दुसरं नाव सुचेना. त्यानं बराच वेळ विचार केला, आणि तो विचार करताना बघणं मला जड गेलं. शेवटी त्यानं ती ओळ रिकामी सोडली. खाली संपर्कासाठी घरच्या फोनचा नंबर टाकला, कारण आयुष्यात त्यानं कुणाला नंबर दिला असेल तर तेवढाच. पाकीट मीच पेटीत टाकलं आणि आता काही होत नाही, असं मनाशी म्हटलं.

नंबराची चूक लक्षात आली ती फोन वाजला तेव्हा.

आमच्याकडे फोन आई उचलते. तिची सगळी नोकरी टेलिफोन एक्सचेंजमध्ये झाली, आणि बाकी सगळं गेलं तरी ते गेलेलं नाही. घंटी वाजली की पाठ ताठ होते, केसांवरून हात फिरतो, आणि असा स्वच्छ आवाज लागतो की पलीकडच्याला काही म्हणजे काही शंका येत नाही. ती एकच गोष्ट तिची तिला करता येते, म्हणून आम्ही कधी मध्ये पडत नाही. एरवी येणार कुणाचा फोन? राँग नंबर नाहीतर गॅसवाला.

त्या दुपारी मी शेंगा सोलत होते, मौनी तिच्या पायांना तेल लावत होता. आईनं फोन घेतला. "बोला, कोण हवंय आपल्याला?" मग म्हणाली, "हॉस्पिटलची लाँड्री. बरं."

मी उठलेच. आईनं हाताचा पंजा दाखवून मला जागच्या जागी थांबवलं, लहानपणी थांबवायची तसंच. पलीकडे मॅनेजर बाई होत्या. त्यांना दुसरं नाव हवं होतं, हे नंतर कळलं. या नंबरावरून अर्ज केलेल्या गृहस्थांना आपण ओळखता का, असं त्यांनी नाव न घेता सहज विचारलं असणार.

"ओळखते म्हणजे? माझ्याकडेच तर कामाला आहेत."

मौनी तेलाचे हात तसेच धरून बसला होता. फोन हिसकावावा असं मला वाटलं, पण तो मानेनं नको म्हणाला.

"बोलत नाहीत फारसे," आई सांगत होती. "पण हाक मारावी लागत नाही. रात्री मला भीती वाटली तर दिवा लावून बसतात. न्हाऊ घालताना तोंड भिंतीकडे करतात, मला लाज वाटू नये म्हणून. मी एकदा त्यांना मारलं होतं, तरी दुसऱ्या दिवशी कामाला आले." मग पलीकडचं ऐकून घेतलं आणि हसली. "छे हो, कामावरून काढत कशाला असेन? माझा मुलगा शाळेतून आला की तो बघेल माझं. यांनी किती दिवस इथं अडकून पडायचं?"

मी खिडकीकडे तोंड केलं. मला रडू येत होतं आणि रडू येतंय याचाच रागही येत होता.

"तुमचा फोन," म्हणत आईनं रिसीव्हर मौनीपुढे धरला. त्यानं हात पुसले, वायर पुरेल तिथवर बाहेरच्या बोळात गेला आणि दार लोटून घेतलं. मी दाराला कान लावला, त्यात मला काही लाज नाही. इतकी वर्षं कामाला होतात, मग कागदावर 'अनुभव नाही' असं का लिहिलंत, असं त्या विचारत असाव्यात. एक 'चुकून राहिलं' म्हटलं असतं की झालं होतं. मी मनातल्या मनात त्याला तेच शिकवत होते.

"ती माझी आई आहे," मौनी हळूच म्हणाला. "तिला ते ठाऊक नाही. मी तिच्याकडे कामाला नव्हतो."

झालं, मी म्हटलं, हरिश्चंद्रानं हातची घालवली.  मग मौनी 'हो' म्हणाला. पुन्हा 'हो'. मग 'दुपारचं चालेल'. आत आला तेव्हा त्याचा चेहरा असा झाला होता, की आधी मला काही कळलंच नाही. दुसरं नाव आता शोधू नका, सोमवारी या, असं बाई म्हणाल्या होत्या.

आईनं विचारलं, काय झालं. नोकरी मिळाली, मी सांगितलं. तिला बरं वाटलं. नव्या ठिकाणी वेळेवर जा, असं तिनं त्याला बजावलं. मग कपाळाला आठी घालून थोडा विचार केला.

"तुम्हाला आई आहे का हो?"

"आहे," मौनी म्हणाला.

"मग इथं उभे काय राहता? आधी तिला जाऊन सांगा. वाट बघत असेल ती."

मौनी खाली बसला, तिच्या खुर्चीशी. तिचा हात त्यानं दोन्ही हातांत घेतला.

"आई, मला नोकरी लागली."

"मला काय सांगता? तिला सांगा," आई म्हणाली. पण हात तिनं सोडवून घेतला नाही, आणि दुसरा हात त्याच्या डोक्यावर ठेवला.