दोन लांब, तीन आखूड

पिकेट गावातून पश्चिमेला जी टेलिफोनची तार जायची, तिच्यावर अकरा घरं होती. तार एकच, त्यामुळे एकाची घंटी वाजली की अकराही घरांत वाजायची. कोणासाठी आहे ते वाजण्यावरून ओळखायचं. ओपल स्ट्रिकलिनची एक लांब दोन आखूड, हॉज मंडळींची तीन आखूड, माझ्या वडिलांची दोन लांब. ज्याची घंटी त्यानेच फोन उचलायचा, असा कंपनीचा नियम. तो नियम कोणी पाळत नव्हतं. कोणाचीही घंटी वाजली की निम्मी तार कानाला फोन लावून उभी. कोणाची गाय व्याली, कोणाचं लग्न मोडलं, ते वर्तमानपत्राच्या आधी सगळ्यांना ठाऊक. मी गावात बोर्डावर बसायचे, म्हणजे जोडण्या लावून द्यायचे, त्यामुळे कोणाचं झाकून राहिलेलं मला माहीत नाही असं नव्हतंच. ऐकणारे कान जितके जास्त तितका आवाज बारीक होत जातो. फारच बारीक झाला की मी मधे पडून म्हणायचे, ज्यांचा फोन नाही त्यांनी ठेवा, म्हणजे ज्यांचा आहे त्यांना ऐकू येईल. मग खट, खट, खट. जणू आपण त्या गावचेच नाही.

त्या तारेवर एक घंटी मात्र सोळा वर्षांत वाजली नव्हती. दोन लांब, तीन आखूड. ती आमच्या घराची होती, आई असतानाची.

छत्तीस सालच्या मे महिन्यात हवामान कचेरीने आमच्या भागासाठी 'गडगडाटासह पाऊस' असं सांगितलं होतं. त्या काळात टोर्नेडो हा शब्द कचेरी तोंडातून काढत नसे. लोक घाबरतील म्हणे. लोक घाबरले नाहीत, मेले. माझी आई ऑरा शहाणी होती, तिने आभाळ पाहिलं आणि आपली आपण तळघरात जाऊन बसली. मग फोन वाजला. दोन लांब, तीन आखूड. ती वर आली. पडलेल्या भिंतीखाली ती सापडली तेव्हा फोनची दोरी तिच्या मुठीत होती.

फोन कोणी केला ते कळलंच नाही. घंटी ओपलने ऐकली होती, पण फोन उचलला नव्हता, कारण विजा चमकत होत्या. आमच्याकडे विजा चमकताना फोनला कोणी हात लावत नाही, वीज तारेतून कानात उतरते. हॉजच्या आजोबांचा कान तसाच गेला. बोर्डावर तेव्हा टेटबाई होत्या. पुढे त्यांनीच मला हे काम शिकवलं. मी त्यांना तीनदा विचारलं, त्या दिवशी माझ्या आईला फोन कोणी केला. तिन्ही वेळा एकच उत्तर मिळालं, "आपण काही ऐकत नाही, नेवा." तसंच म्हणत त्या वारल्या. मी मात्र त्या फोन करणाऱ्याला रोज शिव्या घालायचे. कोणीतरी रिकामटेकडी असेल, लोणच्याची कृती विचारत असेल, आणि तिच्यापायी माझी आई गेली.

बाबांनी त्याच जागी नवं घर बांधलं, नवी घंटी घेतली आणि जुनी कोणालाही द्यायची नाही असं कंपनीकडून लिहून घेतलं. आभाळ काळं झालं की ते फोन उचलत नसत. दुसऱ्याची घंटी तर त्यांनी कधीच ऐकली नाही.

आता ही बावन्न सालची गोष्ट. त्या वसंतात रेडिओवर प्रथमच तो शब्द यायला लागला होता. अमुक भागात टोर्नेडोचा संभव, असं भरदुपारी सांगायचे. एप्रिलमध्ये मी ते ऐकलं आणि घाबरून लांब घंटी दिली. लांब घंटी म्हणजे वीस सेकंद अखंड, गावातल्या सगळ्या तारांवर. ती आगीची. ती वाजली की बायका फोन उचलून आग कुठे ते ऐकतात, आणि पुरुष काही न ऐकताच बंबाकडे धावत सुटतात. मी तळघरात जा, तळघरात जा म्हणून सांगतेय, आणि नऊ बाप्ये उघड्या रस्त्यावर उभे, आग कुठे आहे विचारत. एल्मो पर्डी बंबावरून पडला, त्याचं गळ्याजवळचं हाड मोडलं. टोर्नेडो राहू दे, पाऊससुद्धा आला नाही. मेयरनी बजावलं की लांब घंटी फक्त आगीसाठी, तीही डोळ्यांनी दिसली तर. पुढे महिनाभर बायका मला फोन करून विचारायच्या, "काय गं नेवा, आज धुणं वाळत घालू ना?"

तो दिवस मे महिन्यातला. हवा अंगाला चिकटत होती. पावणेचारला नैऋत्येकडच्या सीडर गॅप गावाची तार गेली. चार वाजून दहा मिनिटांनी शेजारच्या लोन एल्म गावच्या बोर्डावरून मॉरीनने मला जोडलं. सात वर्षं आम्ही रोज बोलत होतो, पण एकमेकींचं तोंड पाहिलं नव्हतं. नेहमी चिवचिव करणारी ती बाई अगदी हळू बोलत होती.

"नेवा, सीडर गॅप गेलं. मला खिडकीतून दिसतेय ती. एक नाही गं, दोन आहेत."

आम्ही गावची माणसं त्याला सोंड म्हणतो, आभाळातून खाली उतरलेली सोंड. मी मॉरीनला खाली जा म्हणाले, पण तोवर तारेतली खरखरसुद्धा थांबली होती. मी जोडणीची पिन काढून पुन्हा घातली, पुन्हा काढून पुन्हा घातली. लोन एल्म आमच्यापासून नऊ मैल, आणि त्या सोंडा नैऋत्येकडून ईशान्येला येतात. म्हणजे आधी पश्चिमेची तार. म्हणजे आधी बाबा.

दहा मिनिटं होती फार तर. मी बाबांची घंटी दिली, दोन लांब. उत्तर नाही. पुन्हा दिली. विजा चमकत होत्या, कोण उचलणार? ओपलची दिली, हॉजची दिली. एकेक करून सहा घरांच्या घंट्या दिल्या, आणि सहाही घरं कानांत बोळे घातल्यासारखी गप्प. लांब घंटी दिली असती तर हॉजची दोन्ही पोरं, एल्मो, सगळे रस्त्यावर आले असते, नेमके त्या सोंडेच्या तोंडी. मी उठून खिडकीशी गेले. धान्याच्या कोठारापलीकडचं आभाळ मुका मार लागल्यासारखं हिरवंनिळं झालं होतं, आणि त्यातून ती खाली आली होती. ती सरकताना दिसत नव्हती, नुसती जाड होत होती. जाड होते म्हणजे आपल्याकडे येते, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही कळतं.

तेव्हा मला ती घंटी आठवली.

मेलेल्या बाईची घंटी वाजली, तर अंगावर वीज पडली तरी ओपल फोन उचलेल, हे मला पक्कं ठाऊक होतं. सगळेच उचलतील. पण हात उठेना. याच घंटीने माझ्या आईला तळघरातून वर ओढलं होतं. आता मी अकरा घरांना ओढणार. कोणी आधीच खाली बसलं असेल तर? बाबा खाली असतील तर? मला इतकी भीती आयुष्यात कधी वाटली नाही, ना त्याआधी, ना त्यानंतर. डाव्या हाताने उजवा हात धरला आणि दिली. दोन लांब, तीन आखूड.

खट. खट, खट, खट. तार जड व्हायला लागली. मी त्यांना बोलण्यावरून नाही, घरांवरून ओळखते. हॉजकडे कुत्रं, पर्डीकडे पंप. ओपलच्या भिंतीवरचं घड्याळ टकटकलं, आणि मग म्हातारीचा थरथरता आवाज आला.

"ऑरा? तू आहेस का गं?"

मी म्हणाले, "मी नेवा बोलतेय. लोन एल्म गेलं. सोंड कोठारापलीकडे आहे. ही आग नाही, टोर्नेडो आहे. रस्त्यावर कोणी यायचं नाही. फोन टाका आणि तळघरात जा, आत्ताच्या आत्ता."

आवाज बारीक झाला होता, पण पोचला. यावेळी धुण्याचं कोणी विचारलं नाही. फोन खटाखट खाली पडले. नऊ मोजले. दहावा कोणीतरी ठेवला नव्हता, तिथून नुसता श्वास येत होता. आणि अकरावा उचललाच गेला नव्हता, कारण शेवटच्या घरातल्या पिंजऱ्यातल्या पिवळ्या पक्ष्याचा आवाज मला आला नव्हता.

पक्षी क्राउस नवराबायकोचा. ती दोघं मार्चमध्येच पूर्वेकडून आली होती आणि तारेवरच्या शेवटच्या घरात भाड्याने राहत होती. फोन बसवला त्या दिवशी मीच तिला, आयोनीला, नियम सांगितला होता. तिने तो एका कार्डावर लिहून फोनवर खिळ्याने ठोकला: आमची चार आखूड, दुसरी कोणतीही वाजली तर उचलायचा नाही. मी मनात हसले होते, म्हटलं आठ दिवस टिकेल. तो टिकला. तारेवर दुसऱ्याचं न ऐकणारी दोनच घरं होती, बाबांचं आणि यांचं. दोन लांब तीन आखूड म्हणजे कोण, हे त्यांना कुठून माहीत असणार? त्यांच्या लेखी ती दुसऱ्या कोणाची तरी घंटी होती. आणि विजा चमकताना फोन उचलायचा नसतो हेही त्यांना कोणी सांगितलं नव्हतं. मी त्यांची स्वतःची घंटी दिली असती तर त्यांनी पहिल्या फटक्यात उचलला असता. मी जुन्या घरांपासून सुरुवात केली होती, त्यांची पाळी शेवटची होती.

माझं बोट त्यांच्या घंटीवर गेलं. चार आखूड, द्यायला पाच सेकंद लागतात. आणि तेवढ्यात दहाव्या फोनवरून बाबा बोलले.

"पोरी, त्या दिवशी ही घंटी मीच द्यायला लावली होती."

बोट तिथेच राहिलं.

ते सावकाश बोलत होते, जणू आम्ही दोघं अंगणात बसलो आहोत. गिरणीवर होते म्हणाले, तिथे गहू मोजायचं त्यांचं काम. तिथून त्यांना सोंड दिसली. टेटबाईंना म्हणाले घरी घंटी द्या, ऑराला सांगतो खाली जा. ती आधीच खाली होती हे त्यांना ठाऊक नव्हतं. "माझाच फोन असणार म्हणून ती वर आली. ती हॅलो म्हणाली. मी म्हणालो, ऑरा, खाली जा. एवढंच बोलता आलं." सोळा वर्षं मी ज्याला शिव्या दिल्या तो माणूस माझ्या कानात बोलत होता. त्यांच्यामागे गाडी रुळावरून धडधडत यावी तसा आवाज होता, आणि आमच्या गावाला रूळ नाहीत. मी सगळं ऐकलं. गावाला साळसूदपणे दरडावणारी मी, दोन्ही कानांनी ऐकत बसले. अर्धं मिनिट. जास्तच असेल.

मग भानावर आले. म्हणाले, "बाबा, फोन ठेवा, खाली जा." ते म्हणाले, "ती घाबरली नव्हती गं, ती म्हणाली..." मी पिन उपटली. बापाचं बोलणं मधेच तोडलं आणि क्राउसांची घंटी दिली. एक आखूड. दुसरी. तिसरीला बोर्डावरची पश्चिमेच्या तारेची झाकणी, एरवी तिकडून कोणी फोन केला की पडणारी, आपोआप पडली, आणि तार मॉरीनच्या तारेसारखी मेली.

सोंड गावाच्या उत्तरेने निघून गेली. त्या दिवशी आमच्या राज्यात अशा अकरा उतरल्या, असं दुसऱ्या दिवशी रेडिओने सांगितलं. मॉरीन जिवंत सापडली, हात मोडलेला.

सहा वाजता हॉजच्या थोरल्या मुलाने मला त्याच्या ट्रकमधून पश्चिमेला नेलं. बाबांचं घर नव्हतं. बाबा होते. तळघराच्या दारावर बसले होते, केसांत माती, एका पायात बूट नाही. मी त्यांना धरून रडले. समोर, अर्ध्या मैलावर, जिथे क्राउसांचं घर असायचं तिथे पुरुषमाणसं फळ्या उचलत होती. ती दोघं स्वयंपाकघराच्या जागी सापडली. तळघराचं दार तिथून आठ पावलांवर होतं. बाकी नऊ घरांतलं एकही माणूस गेलं नव्हतं, आणि तेवढ्यात कोणीतरी येऊन माझी पाठ थोपटून गेलं, नेवा तू होतीस म्हणून.

बाबा तिकडे बघत होते. म्हणाले, "त्या नव्या पोरांनी उचलला नाही?"

मी नाही म्हणाले.

"मधेच तोडलास का माझा फोन?"

"तुम्ही खाली जात नव्हता."

गहू मोजून मोजून ज्याचं आयुष्य गेलं असा तो माणूस. मी एक शब्द जरी ऐकला असं म्हणाले असते, तर त्यांनी ते बोलणं मनात पहिल्यापासून पुन्हा म्हणून पाहिलं असतं, त्याला किती वेळ लागतो ते मोजलं असतं, मग चार आखूड घंट्यांना किती लागतो तेही. माझं मी मोजलं होतं, ट्रकमध्येच. ते मला जन्मभर पुरणार होतं. त्यांच्यापाशी तसलं एक ओझं आधीच होतं.

"किती ऐकलंस?" त्यांनी विचारलं.

त्या क्षणी मला टेटबाई कळल्या.

"काहीच नाही, बाबा," मी म्हणाले. "आपण काही ऐकत नाही."