बोअरमधले दगड

तार सैल पडली तसा म्हातारा सेयिलबेक बोअरच्या तोंडाशी वाकला.

"अडकलं," आयझादा म्हणाली. अल्माटीहून आलेली ही भूगर्भवाली पोर गावाबाहेरच्या जुन्या बोअरमध्ये तापमापक सोडत होती. "इतक्या वरच? आजोबा, आत कुणी काय कोंबलंय?"

जमलेल्या गावातल्या पुरुषांनी माना खाली घातल्या. सकाळी याच लोकांनी हौसेनं मेंढा कापला होता. खालच्या वाळूच्या थरांतलं पाणी पुरेसं गरम भरलं की घरोघर त्याचे नळ येणार, घरं त्यावरच तापणार, कोळसा सुटणार! सेयिलबेकला तर दुसरं काही सुचतच नव्हतं. धुरानं बायकोची छाती पार पोखरली होती. डॉक्टरनं तोंडावर सांगितलं होतं, धूर बंद करा, नाहीतर हा हिवाळा निघणं कठीण आहे.

तेल शोधणाऱ्यांनी पूर्वी हे भोक पाडलं आणि तेलाऐवजी कढत पाणी लागलं म्हणून शिव्या घालत निघून गेले. बायका तिथे लोकर धुवायच्या. एका थंडीत सेयिलबेकची लहानगी मेरेय तिथल्या डबक्यात घसरली. तिला पुरून पुरुष घरी गेलेच नाहीत. कबरीवर प्रत्येकानं माती लोटायची असते, तसा प्रत्येकानं आपल्या हातानं बोअरमध्ये दगड टाकला. पाणी थांबेपर्यंत टाकत राहिले. सेयिलबेकसाठी, दुसरं कशासाठी?

एवढ्या खोल भोकात दगड केव्हाच तळाला गेले असतील, असं धरून तो आजवर गप्प बसला होता. मूर्ख कुठला!

"दगड आहेत, पोरी," तो म्हणाला. "माझी मुलगी इथे गेली. म्हणून गावानं बुजवलं."

आयझादाचा चेहरा उतरला. "बोअरमधला पाइप गंजलाय, आजोबा. दगड फोडायला गेलं तर तोच फाटेल. आणि नवं बोअर पाडायला आम्हाला कुणी पैसे देणार नाही." ती तार गुंडाळायला लागली.

घरी त्याची बायको बाल्जान चुलीपाशी खोकत बसली होती.

"गेले का ते लोक?"

"गेले. नाही जमलं."

"बरं झालं."

"अगं, काय बोलतेस! तुझ्यासाठीच तर चाललं होतं सगळं."

"ते पाणी घरात आलं असतं, तर मी त्यात हात कसे धुतले असते हो? त्यानं पीठ कसं मळलं असतं?"

"मग आधी का नाही बोललीस?"

"तुम्ही इतक्या वर्षांनी खुशीत दिसत होतात."

चूल विझत आली होती. सेयिलबेकनं बादली उचलली आणि तो कोळसा आणायला बाहेर गेला.