शेवटच्या टाकीच्या पुढे

"आईंना चढा-उतरायला जमेल ना?" विक्रेत्याने माझ्या मुलाला विचारलं.

मी दोघांच्या बरोब्बर मधे उभी होते.

"आई इथेच आहेत," मी म्हणाले. "आणि कान अगदी ठणठणीत आहेत त्यांचे."

कानांचं मी उगाच काढलं नाही. कान हीच माझी नोकरी. डोंगरातल्या झऱ्याचं पाणी पाच टाक्यांमधून खाली गावांना येतं. पहिली टाकी पायथ्याशी, पाचवी थेट झऱ्यापाशी, आणि मधे नऊ किलोमीटर जमिनीत पुरलेला नळ. तो कुठे गळतो हे वरून दिसत नाही, ऐकावं लागतं. दर तीनशे पावलांवर थांबायचं, लोखंडी सळईचं एक टोक नळावर टेकवायचं, दुसरं कानाला लावायचं. चांगला नळ गप्प असतो, फुटका सुस्कारतो. एकतीस वर्षं मी ती लाईन पायी ऐकली. गावांत मला कानवाल्या मावशी म्हणतात, त्याचं मला कधी वाईट वाटलं नाही.

गेल्या वर्षी उजव्या गुडघ्याने राम म्हटला. या महिन्यात पाणी खात्याच्या साहेबांनी बोलावून घेतलं आणि गोड आवाजात म्हणाले, "मावशी, एक तारखेपासून तक्रारींच्या फोनवर बसा. खुर्ची चांगली आहे."

"खुर्ची तुम्हाला लखलाभ," मी म्हणाले. "मी गाडीने जाईन. माझ्या गाडीने."

साहेब हसले. "बरं. एक तारखेला पाचही टाक्यांची पाहणी करून दाखवा. नाही जमलं तर फोन."

म्हणून मी चार जाड चाकांची, मोटारसायकलसारख्या हँडलची गाडी बघायला आले होते. दुकानात तिला क्वाड बाईक म्हणतात. मुलगा रजा टाकून सोबत आला होता, आणि येताना निर्णयही घरूनच घेऊन आला होता.

"ही," तो एका छपरवाल्या गाडीकडे बोट दाखवत म्हणाला. स्टिअरिंग, शेजारी-शेजारी दोन सीट, पट्टे. जीपचं पिल्लूच ते. "पडायची भीती नाही. पाऊस लागणार नाही. विषय संपला."

मी पिशवीतून दोरी काढली. तिसऱ्या टाकीनंतर वाट दोन खडकांमधून जाते, त्या फटीचं माप मी गाठ मारून आणलं होतं. दोरी गाडीला आडवी धरली. गाडी वीतभर बाहेर आली.

"खालच्या तीन टाक्या तू कर, वरच्या दुसरं कोणी करेल," मुलगा म्हणाला.

"म्हणजे अर्धी मी आणि अर्धा फोन?"

विक्रेता पुढे सरसावला. "मग ही छोटी घ्या, आई. कामाला झकास. ती तिकडची लाल, ती डोंगरवाटांवर मजा करणाऱ्यांची. काम एकीवर आणि मजा दुसरीवर. दोन्ही एकीत म्हणाल तर अवघड."

"मला दोन्ही एकीतच हवंय."

मुलाने माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी दुकानात नाचायला लागले होते. "दोन्ही म्हणजे? तुला कसली मजा करायचीय?"

आता सांगणं भाग होतं. "पाचव्या टाकीच्या पुढे वाट जाते," मी म्हणाले. "वर, डोंगराच्या धारेपर्यंत. एकतीस वर्षं मी त्या टाकीला हात लावून मागे फिरले, कारण अंधाराआधी खाली पोचायचं असायचं. तू शाळेतून आलेला असायचास. ती वाट कुठे जाते ते मला बघायचंय."

"आणि वर पडलीस तर? कोण उचलणार तुला?"

"इतकी वर्षं पडत होते, तेव्हा कोण उचलत होतं?"

हे मी जरा जोरात बोलले असेन, कारण आतून दुकानाचा मिस्त्री हात पुसत बाहेर आला. मुलगा खाली बघत राहिला. त्याला लागलं हे मला कळलं. लागू दे म्हटलं, खोटं तर नव्हतं.

दुकानामागे मातीचा एक चढ केला होता. मी हेल्मेट घातलं, हत्यारांची पिशवी छोट्या गाडीच्या मागच्या जाळीवर बांधली, शेजारी सळई आडवी बांधली. थोडं चालवायचं, बंद करायचं, पुन्हा चालू करायचं. माझं काम असंच असतं. इंजिन चालू ठेवून नळ ऐकू येत नाही.

"गाडी सारखी बंद का करताय?" विक्रेत्याने विचारलं.

"दिवसातून चाळीस वेळा करणार आहे."

तेविसाव्या वेळी छोटीची बॅटरी रडायला लागली. सव्विसाव्याला ती मेली. मिस्त्री हसला आणि न विचारताच आतून मधली गाडी घेऊन आला. हिरवी, दोरीत बसणारी, पुढे-मागे जाळ्या, बॅटरी दांडगी. "हिला खालचा गिअर आहे," तो म्हणाला. "उतारावर इंजिनच गाडी धरून ठेवतं. आणि वळवायला खांदे भरून येत नाहीत. माझी स्वतःचीही हीच आहे. सुट्टीच्या दिवशी रानात घेऊन जातो."

"काम आणि मजा?"

"दोन्ही," तो म्हणाला. मला तो माणूस एकदम आवडला.

पिशवी आणि सळई हिरवीवर बांधली, आणि ती चढावर झकास चढली. मधे पोचल्यावर मी इंजिन बंद केलं, सवयीने सळई सोडली, खाली उतरले आणि मातीला सळई टेकवून कान लावला. तिथे नळ नव्हता, पण एकतीस वर्षांची सवय काही विचारून येत नाही. चालणारा माणूस थांबला की थांबतो. गाडीचं तसं नसतं, तिला ब्रेक लावून ठेवावा लागतो. माझ्या पाठीमागून हिरवी आरामात मागे निघाली आणि खाली रचलेल्या टायरांच्या ढिगात जाऊन बसली.

कुणी तिच्या मागे उभं नव्हतं, एवढंच नशीब.

"बघितलंस?" मुलगा ओरडला. "बघितलंस ना? हे वर झालं असतं तर? घरी चल!"

लाजेने माझे कान तापले होते. क्षणभर ती चांगली खुर्चीही डोळ्यांपुढे आली, खोटं कशाला बोलू. मग मी लंगडत खाली गेले.

"माझं चुकलं," मी मिस्त्रीला म्हणाले. "गाडीचं काही बिघडलं का?"

"टायरांवर बसून तिला काय होतंय! आधी ब्रेक, मग किल्ली, मग पाय. पाय शेवटी."

"आई, मी काय म्हणतोय?"

"ऐकलं मी," मी म्हणाले आणि पुन्हा बसले.

ब्रेक, किल्ली, पाय. चढाच्या मधोमध थांबून मी उतरले, कान लावला, चढले, निघाले. पुन्हा. ब्रेक, किल्ली, पाय. गुडघा बोंबलत होता. विक्रेता दोनदा घड्याळात बघून आत गेला. मुलगा भिंतीला टेकून उभा होता आणि बऱ्याच वेळाने त्याचे ओठ हलताना दिसले. तो मोजत होता.

"चाळीस," तो शेवटी म्हणाला. "आता बस कर. हिरवीच घे." आवाजात राग होताच. पण पिशवी सोडायला तोच पुढे आला.

एक तारखेला साहेब सकाळीच पहिल्या टाकीपाशी येऊन उभे होते. मी त्यांना नमस्कार केला आणि निघाले. दोन खडकांमधून हिरवी अंग चोरून गेली. चौथ्या टाकीच्या अलीकडे नळ सुस्कारला, तिथे खूण केली आणि खाली कळवलं. दीड वाजता पाचव्या टाकीचं झाकण उघडून पाणी बघितलं, फोटो काढून साहेबांना पाठवला. त्यांचं उत्तर आलं, "ठीक आहे." एवढंच. मला तेवढं पुरलं.

पूर्वी इथे पोचेपर्यंत चार वाजायचे. आता दुपार अजून शिल्लक होती.

वाट अरुंद होती, मुळांनी भरलेली. मी पुढे झुकून, खालच्या गिअरमध्ये, हळूहळू वर गेले. धारेवर झाडं संपली आणि पलीकडचं दिसलं. पलीकडे विशेष काही नव्हतं. असाच एक डोंगर, अशीच झाडं, आणि धारेवरून आणखी लांब जाणारी तीच वाट. मला रडू फुटलं. हेल्मेटमध्ये डोळे पुसता येत नाहीत, म्हणून तसंच रडले.

फोन वाजला. ब्रेक लावला, किल्ली फिरवली, हेल्मेट काढलं. मुलगा होता.

"झाली का लाईन?"

"केव्हाच."

"मग कुठे आहेस?"

"पुढे."

तो म्हणाला, "कसं आहे गं तिथे?"

"वारा आहे खूप."

"परत कधी येशील?"

"अंधाराआधी येईन," मी म्हणाले. "पण अंधाराला वेळ आहे अजून."

फोन खिशात टाकला, हेल्मेट घातलं, इंजिन सुरू केलं, आणि मी आणखी थोडी पुढे गेले.