धोंडाबाईची सरू

धोंडाबाई गेल्याचा सांगावा गावात आला तेव्हा ग्रामपंचायतीच्या टीव्हीपुढं निम्मं गाव बसलं होतं. बुधवारची संध्याकाळ होती आणि वकिलांच्या घराची मालिका लागली होती. कामशेतहून सायकलीवर माणूस आला, दारातच उतरला आणि सरपंचांच्या कानाला लागला. सरपंच उठले, त्यांनी टीव्ही बंद केला. "आरं, काय झालं?" म्हणून बाया ओरडल्या आणि कळल्यावर गप्प झाल्या. कावीळ घेऊन ती पुण्याच्या दवाखान्यात गेली होती. ती परत येणार असंच सगळ्यांनी धरलं होतं.

तिचा नवरा भिमाजी तेव्हा दवाखान्यात होता. टीव्ही बंद केल्याचं त्याला नंतर कुणीतरी सांगितलं. तेव्हापासून तो त्या खोलीकडं फिरकला नाही.

धोंडाबाईला एक खोड होती. बघितलेलं तिच्या पोटात राहत नसे. बुधवारी बघायचं आणि गुरुवारी भाताच्या खाचरात सगळं सांगायचं. तिच्याकडं लावणीला, खुरपणीला, कापणीला वाडीवरच्या ठाकर बाया यायच्या. वाडी डोंगरात, तिथं वीज नाही. दिवस मावळायच्या आत त्यांना ओढा ओलांडून घर गाठावं लागे, म्हणून टीव्ही त्यांनी कधी बघितलाच नव्हता. चिखलात वाकून रोपं लावता लावता त्या धोंडाबाईकडून वकिलांचं घर ऐकायच्या.

त्या घरात भांडी घासायला सरू नावाची बाई होती. टीव्हीवर ती यायची, भांडी घासायची, "येते बाई" म्हणायची आणि जायची. बस्स. धोंडाबाईला ते पटत नसे. "भांडी घासून ती जाते कुटं?" असं ती जेवताना भिमाजीला विचारायची. भिमाजी देहूरोडच्या डेपोत दिवसभर खोकी उचलून दमलेला असायचा. तो म्हणायचा, "घरी जात आसंल. मला काय ठावं?"

दुसऱ्या दिवशी खाचरात सरूला घर मिळायचं. तिला उर्स्याचं माहेर मिळालं, शिरगावची खाष्ट सासू मिळाली, दारू सोडलेला नवरा मिळाला, पांढऱ्या ठिपक्यांची एक बांडी गाय मिळाली. वकील मागं पडले. बाया सरूचंच विचारायला लागल्या. त्यांच्यातली थोरली सावित्राबाई एकदा पाहुण्यांकडं उर्स्याला गेली, तर सरूच्या भावाचं घर कुठलं म्हणून दारोदार विचारत हिंडली. असा कुणी इथं नाही, असं लोकांनी सांगितलं. तिनं येऊन धोंडाबाईला खबर दिली, "तुज्या सरूचा भाऊ गाव सोडून गेलाय वाटतं." धोंडाबाईनं हसू दाबलं आणि दुसऱ्याच दिवशी त्या भावाला मुंबईच्या गिरणीत लावून टाकलं.

यंदा लावणीला भिमाजीनं डेपोतून रजा काढली. त्याची थोरली बहीण अंबूबाई मदतीला आली. वाडीवरच्या बायाही आल्या. ओढ्यावरचा साकव वाहून गेला होता, म्हणून त्या भिमाजीच्या पडवीतच मुक्कामाला राहिल्या. नेमकी त्याच आठवड्यात टीव्हीवर नवी मालिका सुरू झाली. वकिलांची संपली होती. सरू लोकांना आवडते, म्हणून टीव्हीवाल्यांनी आता तिची एकटीची वेगळी काढली होती. अंबूबाई मोठ्या हौसेनं बायांना घेऊन गेली. भिमाजी घरीच थांबला.

सकाळी खाचरात कुणी बोलेना. भिमाजी रोपांच्या जुड्या टाकत होता. शेवटी बायांमधल्या धाकट्या चिंगीला राहवलं नाही.

"काल ती कोण भवानी व्हती?"

"सरूच की," अंबूबाई म्हणाली. "तीच बाई."

"ती सरू? तिला माहेर न्हाई, गाय न्हाई. चाळीत ऱ्हाती. अन् सासू म्हणं कवाच मेली! ती सासू मरंल व्हय?"

"मला तर लय आवडलं. वकिलांपरीस बरं. ते मेले नुसतं खुर्चीत बसून बोलायचे."

"तुमाला आवडंलच आक्का. तुमी आमची सरू ऐकलीच न्हाई."

सावित्राबाई कमरेवर हात देऊन सरळ उभी राहिली. इरल्याखालून तिनं भिमाजीकडं बघितलं.

"भिमाभाऊ, एक इचारते. धोंडाबाईनं आमाला थापा मारल्या काय?"

भिमाजीच्या हातातली जुडी हातातच राहिली. टीव्हीवाल्यांनी सरू बदलली, एवढं म्हटलं की सुटका होती. पण मग जे धोंडाबाईचं होतं ते टीव्हीवाल्यांचंच होऊन बसलं असतं. आणि खरं बोलावं तर गेलेली बायको वाडीभर थापाडी ठरणार. चारचौघांत बोलायची त्याला सवय नव्हती. त्या घरात बोलायचं काम धोंडाबाईकडं होतं.

"मावशी," तो म्हणाला, "टीव्हीवरली सरू यायची, भांडी घासायची अन् जायची. त्याच्या म्होरं तिनं कायबी केलं न्हाई. बाकी समदं हिचं. जेवताना मला आदी सांगायची. गाय बांडी करू का काळी, ह्येबी इचारायची."

सावित्राबाई हसायला लागली. "आगं बया! म्हंजी मी धोंडाबाईच्या डोक्यातला भाऊ हुडकत व्हते उर्स्यात!" सगळ्याच हसल्या. चिंगी तर चिखलात बसली.

"मंग खरी सरू आमचीच की," डोळे पुसत सावित्राबाई म्हणाली. "ती चाळीतली ऱ्हाऊ द्या तितं. भाऊ, गेल्या कापणीला तिची गाय व्यायला झाली व्हती, तितंच थांबलंय. काय झालं तिला?"

भिमाजीला ते ठाऊक होतं. दवाखान्यात जायच्या आधी धोंडाबाईनं सांगितलं होतं.

"कालवड. बांडीच."

"सासू काय म्हणाली?"

हे धोंडाबाईनं सांगितलं नव्हतं. भिमाजीनं डोकं खाजवलं. "म्हणाली... बरं झालं."

"बरं झालं?" चिंगी ओरडली. "ती सासू? तिनं आदी कालवडीचं कान बघितलं आसतील. म्हणाली आसंल, सुनंवर गेलीया, कान हायेत पर सांगितल्यालं ऐकायची न्हाई!"

बाया पुन्हा हसल्या. भिमाजीही हसला आणि त्याचं त्यालाच नवल वाटलं.

"धोंडीची सर न्हाई हां भिमा," अंबूबाई म्हणाली.

"नसंना," सावित्राबाई म्हणाली. "ती आसती तर तुमच्या भावाला कोण इचारत व्हतं? सांगा भाऊ, थांबू नगा."

पुढच्या बुधवारी भिमाजी बायांबरोबर टीव्हीकडं गेला आणि मागं दाराशी बसला. चाळीतली सरू काही वाईट नव्हती. धोंडाबाईच्या सरूसारखी नव्हती, वकिलांच्या घरातल्या सरूसारखीही नव्हती. पण नळावरच्या भांडणात ती अशी काही बोलली की धोंडाबाई मांडीवर थाप मारून हसली असती. भिमाजीनं ते लक्षात ठेवलं. सकाळी त्यानं ते शिरगावच्या सासूच्या तोंडी घातलं आणि चिंगीनं ते आणखी तिखट केलं.

वरची खाचरं लावून झाली. ओढ्याकडची अजून लावायची राहिली होती.