काळा पडदा आणि चार अक्षरं

गुरुवारी सकाळी प्रयोगशाळेतला जुना संगणक सुरू केला. पडद्यावर आधी चार इंग्रजी अक्षरं आली, लिलो, म्हणजे लिनक्स सुरू करून देणारा छोटा प्रोग्राम, मग लिनक्स चढत असल्याची एक ओळ, आणि मग पडदा काळा झाला. आतली डिस्क मात्र फिरत होती. कान लावला की ऐकू येत होती.

हा संगणक धाटावच्या एका कारखान्याने मोडीत काढलेला आणि पेणच्या आमच्या कॉलेजला दिलेला. मेमरी आठ एमबी, पडदा जुना, एकरंगी. विंडोज त्यावर रांगायचं, म्हणून मी मासिकाबरोबर सीडीवर आलेलं लिनक्स त्यात टाकलं होतं. नुसती अक्षरं, चित्रं नाहीत. खाडीकाठच्या बेचाळीस विहिरींतल्या क्षाराची मोजमापं त्यात होती.

आदल्याच दिवशी जोसेफकाका येऊन गेले होते. जोसेफ रोहेकर, राहणारे रोह्याचेच, टेलिफोन खात्यातून निवृत्त झाल्यावर रेडिओ आणि टीव्ही दुरुस्त करायचे. दिवाळीआधी संगणकाचं डिस्प्ले कार्ड जळलं तेव्हा कॉलेजने आणलेलं नवं कार्ड त्यांनीच बसवलं. सुरू होताना संगणक उगीच पंधरा सेकंद थांबायचा, तेवढं कमी करून द्या म्हणून बुधवारी मीच त्यांना बोलावलं होतं. येत्या मंगळवारी ते आणि सिपोराकाकू कायमचे इस्रायलला जाणार होते, मुलीकडे.

"कार्ड बदललं असंल," कान्हू म्हणाला. कान्हू आमचा प्रयोगशाळा परिचर, तीस वर्षं नोकरी झालेला. "नवं काढून जुनं घातलं. मंगळवारनंतर तुम्ही त्यांना कुठं शोधायला जानार?"

"असं बोलू नये, कान्हू."

"मी कुठं बोलतोय, बाई? पडदा बोलतोय."

"पडद्यावर काही दिसत नाहीये."

"तेच तर म्हनतोय मी."

मी त्याला गप्प केलं, पण माझ्या मनात तेच आलं होतं. बुधवारी मी पाऊण तास वर्गात होते आणि काका संगणकापाशी एकटे होते. थांबायची वेळ कमी करायला संगणकाची पेटी उघडावी लागत नाही. तरी त्यांच्या पिशवीत पेचकस होता, मी पाहिला होता.

शुक्रवारी मी हे प्राचार्यांना सांगितलं. त्यांनी फार विचार केला नाही.

"लेखी द्या. सोमवारी सकाळी मी रोह्याला पोलिसांत फोन करतो. सामान बांधलेलं असेल, उघडून बघतील."

"एकदा मी स्वतः बघून येते, सर."

"बघा. पण सोमवारच्या आत."

शनिवारी मी पेणहून रोह्याची गाडी धरली. विहिरींच्या नोंदींची वही सवयीने पिशवीत होती. निडी स्टेशन आलं तोवर काय विचारायचं आणि काय विचारायचं नाही, हे मी मनात पक्कं केलं होतं. संशय घेतलाय असं दिसू द्यायचं नव्हतं.

दार उघडंच होतं. काका पांढरी टोपी घालून खुर्चीत बसले होते, हात मांडीवर. भिंतीला सहा खोकी लावून ठेवली होती.

"या बाई," ते म्हणाले. बाकी काही विचारलं नाही. हे मला खटकलं.

सिपोराकाकूंनी चहा आणला, तो थर्मासमधून. स्वयंपाकघरात शेगडी बंद होती.

"कालचा हाय गो," त्या म्हणाल्या. "आज शनिवार, आमचा शब्बाथ. आम्ही विस्तव पेटवत नाय, काम करत नाय. गोड मानून घे."

चहा पिताना मी खोक्यांकडे बघत होते. एका उघड्या खोक्यात वरच निळं पाकीट होतं. आमच्या नव्या कार्डाचं पाकीट.

"ते आमचंच ना?" मी शक्य तितक्या सहज विचारलं.

"व्हय. जळकं कार्ड घातलंय त्यात. तुम्हीच म्हनालात फेका. मी काय फेकत नाय."

"बघू?"

"काढून घ्या तुम्ही. मी आज हात लावनार नाय."

मी पाकिटातून कार्ड काढलं. हिरवी पट्टी, त्यावर काळे चौकोन. जळकं की चांगलं, मला सांगता येईना. आयुष्यभर मी लोकांना सांगत आले की पाहिलं तेवढंच लिहा. इथे पाहूनही काही कळत नव्हतं. मी ते परत ठेवलं.

"संगणक बंद पडलाय, काका. पडदा काळा होतो."

"कधीपासनं?"

"गुरुवारपासून. तुम्ही येऊन गेल्यावर." शेवटचे शब्द मला हवे होते त्याहून जड पडले.

काकूंनी माझ्याकडे पाहिलं. काकांनी पाहिलं नाही.

"आज येता पेणला? किंवा उद्या?" मी विचारलं.

"आज नाय. उद्या सगळे भेटायला येनार." त्यांनी बोटं एकमेकांत अडकवली. "पहिली चार अक्षरं येतात? लिलोची?"

"येतात."

"स्वच्छ?"

"स्वच्छ."

"मग कार्ड जिवंत हाय, बाई. मेलेलं कार्ड चार अक्षरं कशाला दाखवील?"

मी कप खाली ठेवला. हे मला दोन दिवसांपूर्वीच सुचायला हवं होतं. अक्षरं मी रोज पाहिली होती, लिहून ठेवली नव्हती.

"म्हंजे लिनक्स चढताना पडद्याची मांडनी बदलतेय," काका म्हणाले. "ती मांडनी लिलोच्या फायलीत लिहिलेली असते. मी तिथं फक्त थांबायची वेळ बदलली आनि लिलो टंकून ते परत चालवलं. ते चालवल्याशिवाय फायलीतला बदल लागू व्हत नाय, नुसतं यंत्र परत सुरू करून भागत नाय. कागदावर हुकूम लिहिला, पन शिक्का मारला नाय, तसं."

"चालवावं लागतं?"

"दर वेळी. मग परत सुरू करून बघायला हवं होतं, पन तुमची चिठ्ठी चिकटवलेली, 'गणित चालू आहे, बंद करू नये'. म्हनून बघितलं नाय. ती चूक माझी." मग त्यांनी पहिल्यांदा माझ्याकडे पाहिलं. "त्या फायलीत आधी कोनी काय लिहिलं होतं?"

मी वही उघडली. पानं मागे उलटली. वीस नोव्हेंबर, माझंच अक्षर: 'बारा महिन्यांचा तक्ता पडद्यावर मावत नाही. रुंद मांडणीसाठी लिलोच्या फायलीत व्हीजीए ५२१ लिहिले. पुन्हा सुरू केले. फरक नाही. यंत्राला जमत नसावे.'

यंत्राला जमत होतं. मी शिक्का मारला नव्हता. पंधरा दिवस माझी ओळ तिथे पडून होती. बुधवारी काकांनी आपल्या कामासाठी लिलो चालवलं आणि माझी ओळही लागू झाली. कार्डाने रुंद मांडणी पाठवली, ती त्या जुन्या पडद्याला पेलवली नाही.

मी ती नोंद मोठ्याने वाचून दाखवली. आणखी काय करणार?

"मी तुमच्यावर संशय घेतला," मी म्हणाले.

"ते दारातच कळलं," सिपोराकाकू म्हणाल्या. "शनिवारी आमच्याकडं कामाला कोन येतं? रोह्यातलं पोर पन येत नाय."

"ऱ्हाऊ दे गो," काका म्हणाले. "बाई, लिलो आलं की 'लिनक्स व्हीजीए नॉर्मल' टंका, म्हंजे साधी मांडनी. दिसंल. मग फाईल नीट करा. आनि—"

"लिलो चालवते."

"व्हय."

दुपारी मी पेणला परतले. प्रयोगशाळेत कोणी नव्हतं. चार अक्षरं आली, काकांनी सांगितलेलं मी टंकलं आणि ओळीमागून ओळी पडद्यावर सरकू लागल्या. विहिरींची मोजमापं जागेवर होती. फाईल दुरुस्त केली, लिलो चालवलं, संगणक बंद करून पुन्हा सुरू केला. या वेळी पडदा काळा झाला नाही.

मग मी पेचकस घेतला. पेटी उघडून कार्ड बघायची काही गरज उरली नव्हती, तरी दोन स्क्रू काढून झाले होते. तिसऱ्यावर थांबले. दोन्ही स्क्रू परत बसवले.

प्राचार्यांचं घर कॉलेजमागेच होतं. मी वही त्यांच्यापुढे ठेवली आणि सांगितलं.

"म्हणजे कार्ड नवंच आहे?" त्यांनी विचारलं. "पेटी उघडून पाहिलंत?"

"नाही."

"मग खात्री कशी? मंगळवारी माणूस जाणार. सोमवारी एक फोन करून ठेवायला काय हरकत आहे?"

"चूक माझी होती, सर. कारण सापडलंय, तारखेसकट. फोन करू नका."

"तुम्ही तोंडी सांगताय..."

"आरोपही तोंडीच केला होता. हे मी लेखी देते."

मी त्यांच्याकडे कोरा कागद मागितला आणि तिथेच बसून लिहायला घेतलं. पहिल्या ओळीत माझं नाव घातलं, दुसऱ्या ओळीत वीस नोव्हेंबर.